काइर्नार्वनशायरचा झेंडा: तीन सोनेरी गरुडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर वेल्समध्ये बँगोरला आमच्या घराच्या खिडकीत एक हिरवा झेंडा असतो. व्हिडिओ कॉलवर तो माझ्या पाठीमागे दिसतो आणि बोलणं पाच मिनिटांत त्याच्यावर येतं. भारतातून येणारे पाहुणेही पिशव्या खाली ठेवायच्या आधी त्याच्याबद्दल विचारतात. इतक्या वर्षांत तेच ते प्रश्न जमा झाले, त्यांची ही उत्तरं. काही लांबली आहेत, कारण गोष्ट तशीच आहे.

झेंड्यावर नेमकं काय आहे?

पूर्ण हिरवं कापड आणि त्यावर एका आडव्या ओळीत तीन सोनेरी गरुड. एवढंच. अक्षर नाही, बोधवाक्य नाही, किनार नाही. गरुड उडत नाहीत आणि बसलेलेही नाहीत. छाती आपल्याकडे, पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, पाय फाकलेले, शेपटी खाली आणि फक्त डोकं एका बाजूला वळवलेलं. जिवंत पक्षी असा कधी दिसत नाही, पण ही ढालीवरची चित्रकला आहे. धुळीत, धावत्या घोड्यावरून, शे-दोनशे पावलांवरून आपला कोण आणि परका कोण हे क्षणात कळावं म्हणून ती घडली. म्हणून तिथे पिसांच्या छटा नसतात, फक्त आकार असतो. आजही भर पावसात दूरच्या खांबावर हा झेंडा ओळखू येतो.

काइर्नार्वनशायर नकाशावर सापडत नाही. असा जिल्हा आहे तरी का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आजच्या प्रशासकीय नकाशावर हे नाव नाही. ते होतं, आणि पुष्कळ काळ होतं.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८२-८३ मध्ये ग्विनेदचं वेल्श राज्य जिंकलं आणि १२८४ साली रिद्लानच्या कायद्याने त्या मुलखाची इंग्लिश पद्धतीच्या काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, विभागणी केली. काइर्नार्वनशायर त्यांपैकी एक. बँगोर, काइर्नार्वन, कॉन्वी, पुल्हेली ही गावं, समुद्रात हातासारखं पुढे गेलेलं लिन द्वीपकल्प आणि वेल्समधलं सर्वांत उंच शिखर अर विद्वा, म्हणजे स्नोडन, उंची १,०८५ मीटर, हे सगळं या काउंटीतलं. जवळजवळ ७०० वर्षं ही व्यवस्था टिकली.

१९७४ साली स्थानिक प्रशासनाची फेररचना झाली आणि काइर्नार्वनशायरची कौन्सिल बंद झाली. ग्विनेद हे जुन्या राज्याचं नाव एका नव्या, मोठ्या प्रशासकीय काउंटीला दिलं गेलं. १९९६ मध्ये पुन्हा फेररचना झाली. या वेळी कायद्यात नव्या घटकाचं नाव 'काइर्नार्वनशायर आणि मेरियोनेथशायर' असं लिहिलेलं होतं. १ एप्रिल १९९६ ला ते अमलात आलं आणि दुसऱ्याच दिवशी, २ एप्रिलला, नव्या कौन्सिलने ते बदलून ग्विनेद केलं. कागदावर आमची काउंटी जोडीदारासह परत आली ती एका दिवसापुरती.

त्याच फेररचनेत लँडुडनो आणि कॉन्वी ही गावं वेगळ्या, कॉन्वी नावाच्या कौन्सिलकडे गेली. तिथले लोक घरपट्टी एकीकडे भरतात, पण आजोबांचा पत्ता सांगताना काइर्नार्वनशायर म्हणतात. कौन्सिलच्या हद्दी बदलल्या तरी गाव, डोंगर आणि माणसं जागच्या जागी राहतात. अशा जुन्या काउंट्यांना इथे ऐतिहासिक काउंटी म्हणतात. वेल्समध्ये त्या १३ आहेत आणि आपण ज्या झेंड्याबद्दल बोलतोय तो याच ऐतिहासिक काउंटीचा आहे, कुठल्याही कौन्सिलचा नाही.

नावाचा उच्चार काय? त्याला अर्थ आहे का?

वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार 'व' होतो, म्हणून Caernarfon चं काइर्नार्वन. 'काइर' म्हणजे किल्ला किंवा तटबंदीचं ठाणं. 'आर्वन' म्हणजे मोनच्या समोरचा मुलूख. मोन हे समोरच्या अँगलसी बेटाचं वेल्श नाव. 'आर' या शब्दामागून आलं की मोनचं 'वोन' होतं, तेच आर्वनमध्ये दिसतं. म्हणजे पूर्ण नावाचा अर्थ 'मोनसमोरच्या मुलखातला किल्ला'.

वेल्शमध्ये काउंटीला 'सीर' म्हणतात, आणि सीर लागलं की काइर्नार्वनचं गाइर्नार्वन होतं: सीर गाइर्नार्वन. शब्दाचं पहिलं अक्षर असं मागच्या शब्दामुळे बदलणं हा वेल्शचा स्वभाव आहे. मराठीत घोडा, घोड्याचा असा शब्दाचा शेवट वळतो, वेल्शमध्ये सुरुवातही वळते. मला या भाषेचा लळा लागला तो इथूनच.

हे गरुड कुणाचे?

परंपरेने ते ओवाइन ग्विनेदचे मानले जातात. ओवाइन हा राजा ग्रिफिद आप कनानचा मुलगा. 'आप' म्हणजे 'चा मुलगा'. ११३७ साली वडील वारले आणि ओवाइन ग्विनेदच्या गादीवर आला. ११७० साली तो मरण पावला. या ३३ वर्षांत त्याने आपलं राज्य पूर्वेकडे वाढवलं आणि इंग्लंडचा दुसरा हेन्री याच्यासारख्या बलाढ्य राजाशी सामना दिला.

११५७ मध्ये हेन्री उत्तर किनाऱ्याने सैन्य घेऊन आला, तेव्हा कोलशिलजवळच्या जंगलात ओवाइनच्या माणसांनी दबा धरून त्याला गाठलं आणि हेन्री जेमतेम वाचला. पुढे ओवाइनने तह केला. तो नमतं केव्हा घ्यायचं हे ओळखणारा राजा होता. ११६५ मध्ये हेन्री पुन्हा मोठी फौज घेऊन आला. या वेळी वेल्समधले सगळे राजे ओवाइनमागे एकत्र उभे राहिले होते. इंग्लिश सैन्य बर्विनच्या डोंगरात शिरलं आणि वादळी पावसात सापडलं. वाटा चिखलात गेल्या, रसद तुटली आणि हेन्रीला माघार घ्यावी लागली. घाटमाथ्यावरच्या पावसात अडकलेली फौज म्हटलं की आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. चिडलेल्या हेन्रीने ओलीस ठेवलेल्या वेल्श तरुणांना विद्रूप करवलं. त्यांत ओवाइनचे दोन मुलगे होते.

एवढं सोसूनही तो वाकला नाही. फ्रान्सच्या सातव्या लुईशी त्याने स्वतः पत्रव्यवहार केला आणि 'वेल्श लोकांचा प्रिन्स' अशी पदवी लावायला सुरुवात केली. चर्चशीही त्याचं वाजलं. मामेबहीण क्रिस्टिनशी केलेलं लग्न मोडायला तो तयार झाला नाही, म्हणून आर्चबिशप टॉमस बेकेट यांनी त्याला बहिष्कृत केलं. तरी बँगोरच्या धर्मगुरूंनी त्याला आपल्या कॅथेड्रलमध्येच पुरलं. १८ वर्षांनी, ११८८ मध्ये, आर्चबिशप बाल्डविन बँगोरला आले आणि त्यांनी हा देह चर्चबाहेर हलवायला सांगितलं. कॅथेड्रल माझ्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे. तिथे गेलं की त्या अठरा वर्षांचा विचार मनात येतोच: आपल्या राजाला धर्माज्ञेपुढेही अंतर न देणारी ती माणसं कशी असतील?

म्हणजे ओवाइन हाच झेंडा घेऊन लढला?

नाही. हे सांगताना समोरच्याचा चेहरा उतरतो, तरी खरं ते सांगितलंच पाहिजे.

ढालीवर ठरावीक चिन्ह रंगवायचं आणि ते बापाकडून मुलाकडे वारशाने द्यायचं, ही पद्धत फ्रान्स आणि इंग्लंडमध्येच मुळी बाराव्या शतकाच्या मध्याला रुजत होती. वेल्समध्ये ती त्यानंतर आली. तोवर ओवाइन गेलेला होता. त्याचे तीन गरुड हे मागाहून दिलेलं चिन्ह आहे. पुढच्या शतकांत वेल्श भाटांनी आणि वंशावळी लिहिणाऱ्यांनी जुन्या राजांना, सरदारांना आणि कुळांच्या मूळपुरुषांना चिन्हं बहाल केली. ग्विनेदची पंधरा कुळं म्हणून एक यादी आहे, तिच्यातल्या प्रत्येक मूळपुरुषाची ढाल त्यांनी अशीच ठरवली.

याला खोटेपणा म्हणणं मला पटत नाही. वेल्समध्ये जमीन, मान, सोयरीक, सगळं कुळावर ठरायचं. भाट पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवत. नवी पद्धत आली आणि प्रतिष्ठित माणसाला ढाल असलीच पाहिजे असं झालं, तेव्हा त्यांनी आपल्या पूर्वजांना उघडं ठेवलं नाही. आमचा ओवाइन कुणापेक्षा कमी नव्हता, हे त्यांनी त्या काळच्या भाषेत लिहून ठेवलं.

मागाहून चिन्ह देण्याचा हा प्रकार मराठी इतिहासालाही शिवून गेला आहे. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना युरोपीय धर्तीची कुलचिन्हं काढलेली निशाणं दिली. ती चिन्हं रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने आखली होती. शिंदे, होळकर आणि गायकवाड या दरबाराला हजर होते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की तिथे चिन्ह वरच्या सत्तेने हातात दिलं आणि वेल्समध्ये ते आपल्याच भाटांनी आपल्या राजाला दिलं.

मग हा झेंडा काउंटीशी जोडला गेला कधी?

याचा लेखी पुरावा १६२७ चा आहे. इंग्लिश कवी मायकेल ड्रेटन यांनी त्या वर्षी अजिनकोर्टच्या लढाईवर, जिथे इंग्लिशांनी फ्रेंचांना हरवलं, दीर्घकाव्य प्रसिद्ध केलं. लढाई झाली होती २५ ऑक्टोबर १४१५ रोजी. काव्यात इंग्लंड-वेल्सच्या काउंट्यांच्या तुकड्या आपापली निशाणं घेऊन निघतात. काइर्नार्वनचे लोक तीन सोनेरी गरुडांचं निशाण आणतात आणि याच निशाणाखाली शूर ओवाइन ग्विनेद अनेकदा लढला, असं कवी सांगतो.

लढाई आणि काव्य यांत २१२ वर्षांचं अंतर आहे. पोवाड्यातल्या वर्णनावरून आपण जसं रणांगणाचं मोजमाप ठरवत नाही, तसंच याही काव्यावरून १४१५ मध्ये कुणाच्या हातात काय होतं ते ठरवता येत नाही. पण दुसरी गोष्ट मात्र यातून पक्की होते: १६२७ मध्ये छापलेल्या पुस्तकात तीन सोनेरी गरुड, ओवाइनचं नाव आणि काइर्नार्वनशायर ही तिन्ही एकत्र बांधलेली होती. म्हणजे काउंटीचं चिन्ह म्हणून या गरुडांचं वय किमान चारशे वर्षांच्या घरात जातं. मला तरी हे पुरेसं वाटतं.

ते काव्य वाचताना इतर काउंट्यांची निशाणंही पाहावीत. मेरियोनेथची उगवत्या सूर्यासमोर नाचणारी तीन बकरे-बोकडं, कार्डिगनची खडकावर बसलेली जलपरी, पेम्ब्रोकची शांत पाण्यात होडी वल्हवणारी बाई.

काइर्नार्वनच्या किल्ल्यावर दगडी गरुड आहेत. हा झेंडा तिथून आला का?

किल्ला एडवर्डने १२८३ मध्ये बांधायला घेतला, ओवाइनच्या वंशजांचं राज्य बुडवल्यावर. त्याच्या सर्वांत मोठ्या बुरुजाचं नावच गरुड बुरूज. बुरुजावर तीन मनोरे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर दगडी गरुड बसवलेले होते. जवळून पाहिलं तर समुद्रावरच्या वाऱ्याने त्यांची पार झीज झालेली दिसते. चोच कुठली, पंख कुठला हे बोटाने दाखवावं लागतं. ओबडधोबड दगड उरलाय, पण बसण्याची ऐट अजून ओळखू येते.

हे गरुड ओवाइनचे नव्हेत, रोमचे आहेत. काइर्नार्वनच्या टेकडीवर सेगोंशियम नावाचं रोमन लष्करी ठाणं होतं आणि वेल्श आख्यायिका या गावाचा संबंध माक्सेन व्लेदिग, म्हणजे रोमन सम्राट मॅग्नस मॅक्सिमस, याच्याशी जोडते. १२८३ मध्ये त्याचा देह इथे सापडल्याचं मानून एडवर्डने तो चर्चमध्ये पुन्हा पुरायला लावला. आपण सम्राटांचे वारस आहोत हे त्याला दाखवायचं होतं. किल्ल्याचे बहुकोनी बुरूज आणि भिंतीतले रंगीत दगडांचे पट्टे कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण करून देतात, असं अनेक अभ्यासक सांगत आले आहेत.

म्हणजे एकाच गावात दोन जातींचे गरुड: जिंकणाऱ्याने बुरुजावर बसवलेले आणि हरलेल्यांनी आपल्या राजाला दिलेले. दगडाचे झिजत चालले. कापडाचे दर काही वर्षांनी नवे शिवले जातात.

एरिरी म्हणजे गरुडांची जागा, हे खरं आहे का?

स्नोडोनियाचं वेल्श नाव एरिरी. गरुडाला वेल्शमध्ये 'एरिर' म्हणतात. दोन शब्द शेजारी ठेवले की कुणालाही वाटेल की नातं आहे. शतकानुशतकं तसंच मानलं गेलं. पण भाषातज्ज्ञ सर इफोर विल्यम्स यांनी दाखवलं की एरिरीचा अर्थ उंच प्रदेश असा आहे, उगवणे-वर येणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाच्या कुळातला. राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये एरिरी आणि अर विद्वा हीच नावं वापरायचं ठरवलं, तेव्हा हा वाद पुन्हा चर्चेत आला होता.

तरी डोंगर आणि गरुड यांची जोडी लोकांच्या मनात जुनीच आहे. ११८८ मध्ये बाल्डविनबरोबर आलेला धर्मगुरू आणि लेखक वेल्सचा जेराल्ड लिहितो की या डोंगरात एक गरुड आहे. युद्ध होईल आणि मेलेल्यांवर पोट भरेल या आशेने तो ठरावीक सणाच्या दिवशी एका विशिष्ट दगडावर येऊन बसतो, आणि चोच घासून घासून त्याने त्या दगडाला जवळजवळ भोक पाडलं आहे. झेंड्यावरचे गरुड पाहताना मला हा दगडावर चोच घासणारा पक्षी आठवतो.

आज तिथे गरुड दिसतात का?

रानात घरटं करणारे नाहीत. वेल्समधून ते एकोणिसाव्या शतकापर्यंत संपले. ते परत आणावेत अशी चर्चा अधूनमधून होते.

हिरवा रंगच का?

नव्याने बनवलेल्या झेंड्यांत प्रत्येक रंगाला अर्थ नेमून देतात. इथे रंग चिन्हाबरोबरच आला, ओवाइनच्या मानल्या गेलेल्या ढालीवरून. त्यात एक जुना नियम पाळलेला आहे: रंगावर धातू यावा, धातूवर रंग. सोनं आणि चांदी हे धातू, म्हणजेच पिवळा आणि पांढरा. लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. हिरव्यावर सोनेरी त्यामुळे उठून दिसतं. मध्ययुगीन ढालींवर हिरवा त्या मानाने कमी सापडतो, म्हणून इतर झेंड्यांच्या रांगेत हा वेगळा कळतो.

ग्विनेदच्या राजांचं चिन्ह तर चार सिंहांचं. तेच का घेतलं नाही?

लाल-सोनेरी चौकटीतले चार सिंह ही लेवेलिन आप ग्रिफिदची, म्हणजे १२८२ मध्ये मारल्या गेलेल्या शेवटच्या मोठ्या राजाची ओळख. ते चिन्ह पुढे सगळ्या वेल्सचं झालं. उभ्या सिंहांच्या रूपात ओवाइन ग्लिनदूरने ते उचललं आणि आज ते प्रिन्स ऑफ वेल्सच्या कुलचिन्हातही आहे. एका काउंटीसाठी ते फार मोठं आहे. गरुड मात्र इथलेच. पाहुणे बऱ्याचदा ओवाइन ग्विनेद आणि ओवाइन ग्लिनदूर यांची गल्लत करतात. दुसरा १४०० साली बंड करून उठला, पहिल्यानंतर २३० वर्षांनी.

२०१२ मध्ये नेमकं काय झालं?

मार्च २०१२ मध्ये फ्लॅग इन्स्टिट्यूटने हा झेंडा काइर्नार्वनशायरचा म्हणून नोंदवला. १९७१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ब्रिटनमधल्या झेंड्यांची नोंदवही ठेवते. नोंद झाली म्हणजे झेंडा जन्मला असं नाही. चिन्ह जुनंच होतं, ते सर्वांसाठी खुलं आहे यावर शिक्का बसला.

'खुलं' हा शब्द इथे महत्त्वाचा. कौन्सिलला मिळालेलं कुलचिन्ह त्या कौन्सिलच्या मालकीचं असतं, कुणी सोम्यागोम्याने ते लावायचं नसतं. काउंटीचा नोंदणीकृत झेंडा मात्र मासेमारीच्या होडीवर, शाळेत, चहाच्या दुकानावर, माझ्यासारख्या परदेशातून येऊन राहिलेल्या माणसाच्या खिडकीत, कुठेही चालतो. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

वेल्सच्या इतर काउंट्यांचे झेंडे असेच आहेत का?

बरेचसे याच वाटेने आले. अँगलसीचा लाल झेंडा, सोनेरी कोन (उलट्या V सारखा पट्टा) आणि तीन सोनेरी सिंह, हूवा आप कन्देलू या पंधरा कुळांपैकी एकाच्या मूळपुरुषाच्या नावे सांगितला जातो. ग्लमॉर्गनचा लाल कापडावर तीन पांढरे कोन असलेला झेंडा येस्टिन आप गुर्गान्त या तिथल्या शेवटच्या राजाचा मानतात. मनमथशायरवर काळ्या-निळ्या कापडावर तीन सोनेरी लिली. मेरियोनेथने ड्रेटनच्या काव्यातलेच बोकड आणि सूर्य घेतले. पेम्ब्रोकशायर वेगळा: निळ्यावर पिवळा क्रॉस, मध्ये हिरव्या पंचकोनात ट्यूडर गुलाब, कारण पहिला ट्यूडर राजा सातवा हेन्री १४५७ मध्ये पेम्ब्रोकच्या किल्ल्यात जन्मला. हा झेंडा विसाव्या शतकात आखलेला आहे.

लाल ड्रॅगनच्या झेंड्याबरोबर लावायचा तर कसा?

वेल्सचा लाल ड्रॅगन १९५९ पासून अधिकृत राष्ट्रीय झेंडा आहे, त्याला मानाची जागा. एकाच काठीवर असतील तर ड्रॅगन वर. दोन काठ्या असतील तर समोरून बघणाऱ्याच्या डावीकडची ड्रॅगनला. १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, मी दोन्ही लावतो.

उलटा लागलाय हे कसं ओळखायचं?

खालचा वर झाला तर शेपट्या आकाशात जातात, ते लगेच कळतं. फसगत होते ती आडव्या बाजूची. नियम सोपा आहे: तिन्ही गरुडांची डोकी काठीकडे वळलेली हवीत. झेंडा मागच्या बाजूने पाहिला तर डोकी आपल्याला दुसऱ्या दिशेला दिसतात, पण काठीही त्याच दिशेला असते, म्हणून गोंधळून जाऊ नका. खिडकीत काठीशिवाय टांगायचा असेल, तर रस्त्यावरून पाहणाऱ्याला डोकी डावीकडे दिसली पाहिजेत. म्हणजे घरातून ती उजवीकडे दिसणार. माझ्या पाठीमागे कॉलवर तुम्हाला दिसतात ती याच कारणाने उजवीकडे.